खासदारानं कोणत्या कायद्याला काय मत दिलं, हे कुठं बघायला मिळंल? (हिंगोली मतदारसंघ)

हळदवाला_वसमत

राम राम मंडळी. वसमतला मोंढ्याच्या बाजूला माझं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानापुढं एक काळा फळा लावलाय, रोज सकाळी त्यावर हळदीचा आन सोयाबीनचा भाव लिहितो. खत घ्यायला येणाऱ्यापेक्षा फळा वाचायला येणारे जास्त, आन एकदा बाकड्यावर टेकले की उठायचं नाव नाही.

परवा दोघांची चांगलीच जुंपली. एक म्हणायला, २०२० च्या शेतीच्या तीन कायद्यांना आपल्या खासदारानं दिल्लीत होय म्हणलं होतं. दुसरा म्हणायला, छट, विरोध केला होता. दोघंबी शपथेवर. मी म्हणलं थांबा, मोबाईलवर बघून सांगतो. बघितलं तर हजेरी सापडली, प्रश्न किती विचारले ते सापडलं, खासदार निधी सापडला. मत काही सापडंना.

माझ्या डोक्यात असं आहे की फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात खासदाराची मतं लिहायची. कायद्याचं नाव, तारीख, होय का नाही. २०१४ पासून धरतो, म्हणजे राजीव सातव, मग हेमंत पाटील, आता नागेश पाटील आष्टीकर. कुणाची बदनामी करायची नाही आन कुणाची आरतीबी ओवाळायची नाही. अमेरिकेत म्हणे एकेका खासदाराचं एकेक मत घरबसल्या दिसतंय. आपल्याकडं कामून दिसंना? कुणाला माहीत आसंल तर इस्कटून सांगा.

परभणी_स्टेशन_रोड

पीआरएस म्हणून संसदेच्या कामाची आकडेवारी ठेवणारी संस्था आहे, तिच्या साईटवर जा ना भाऊ. खासदाराचं नाव टाकलं की हजेरी, चर्चा, प्रश्न, खाजगी विधेयकं, सगळं टक्केवारीसकट येतंय. राज्याची सरासरी किती, देशाची किती, तेबी. पाच मिनिटाचं काम.

हळदवाला_वसमत

दादा, तेच बघितलं मी. त्यात मताचा रकानाच नाही की.

जुना_बातमीदार

हळदवाले, रकाना नाही कारण त्यात भरायला माल नाही. जरा सविस्तर लिहितो, गिऱ्हाईक नसंल तेव्हा वाचा.

मी कळमनुरीहून तालुका बातमीदार म्हणून बातम्या पाठवायचो. पुढाऱ्यांच्या गाड्यांमागं एसटीनं हिंडलो, सभेच्या मांडवात सतरंजीवर बसून वही भरली. रात्री जिल्ह्याच्या कचेरीतून फोन यायचा तो एकाच प्रश्नासाठी: गर्दी किती होती? खासदारानं सभागृहात मत काय दिलं, हे ना मला कुणी विचारलं, ना गावात कुणी विचारलं. तुम्ही पहिले भेटलात. तेव्हा तुमच्या फळ्याचं कौतुकच वाटतंय, पण निराश व्हायची तयारी ठेवा.

आधी त्या तीन कायद्यांचं. तुमच्या बाकड्यावरच्या दोघांपैकी कुणीच जिंकणार नाही. आवश्यक वस्तूंच्या कायद्यातली दुरुस्ती लोकसभेत १५ सप्टेंबर २०२० ला मंजूर झाली, शेतमाल व्यापाराचं आणि करार शेतीचं विधेयक १७ ला. सगळं आवाजी मतदानानं. अध्यक्ष म्हणतात, बाजूनं असणाऱ्यांनी होय म्हणा, विरोधात असणाऱ्यांनी नाही म्हणा. दोन्हीकडून आरोळी उठते, अध्यक्ष कानानं अंदाज घेतात, 'होय'वाल्यांचं बहुमत आहे असं जाहीर करतात आणि पुढचा विषय पुकारतात. कामकाजाच्या कागदात एवढंच उरतं की प्रस्ताव मंजूर झाला. हेमंत पाटील त्या वेळी हिंगोलीचे खासदार, शिवसेनेचे. त्यांच्या पक्षाचं भाषण वाचता येईल. त्यांचं स्वतःचं मत मात्र कुठल्याच कागदावर नाही, आणि देशातल्या इतर कोणत्याही खासदाराचं नाही. मोंढ्यात हळदीच्या एका कट्ट्याचा सौदा झाला तरी शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. इथं देशभरच्या शेतकऱ्याचा कायदा झाला आणि पट्टी नाही.

आता यातला कळमनुरीचा भाग ऐका. २० सप्टेंबर २०२०, रविवार. राज्यसभेत यातली दोन विधेयकं आली. राजीव सातव त्याच वर्षी राज्यसभेवर गेले होते. विरोधकांची मागणी होती की मतविभाजन घ्या, म्हणजे एकेकाचं मत नोंदवा. उपसभापती हरिवंश यांचं म्हणणं असं की मतविभाजन मागायचं तर सदस्यानं आपल्या जागेवर असलं पाहिजे. सभागृहात प्रचंड गोंधळ, नियमांचं पुस्तक फाडायचा प्रकार झाला, माईक ओढले गेले, आणि त्या गदारोळातच आवाजी मतदानानं विधेयकं मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य अधिवेशन संपेपर्यंत निलंबित झाले, त्यात सातव होते. ती रात्र त्या आठ जणांनी संसदेच्या आवारात गांधीजींच्या पुतळ्याजवळ काढली. सकाळी हरिवंश स्वतः चहा घेऊन आले होते, तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

त्या गोंधळात कोण किती चुकलं यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही राहू द्या. माझा मुद्दा एवढाच की सातवांच्या निलंबनाची नोंद आहे, त्यांच्या मताची नाही.

कायदे मागं घेतानाही तसंच. २९ नोव्हेंबर २०२१, अधिवेशनाचा पहिला दिवस, दोन्ही सभागृहं, चर्चा नाही, आवाजी मतदान. करताना नोंद नाही, मोडताना नोंद नाही. सातव ते बघायला नव्हते, त्याच वर्षी १६ मे ला ते गेले. सेहेचाळीस वय म्हणजे काय हो.

मग नोंद कधी होते? दोन वेळा. एक, घटनादुरुस्ती असली की. तिथं अनुच्छेद ३६८ मुळं सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश. हे कानानं मोजता येत नाही, नावानिशी मोजावंच लागतं. दुसरी वेळ, एखाद्या सदस्यानं अध्यक्षांच्या आवाजी निर्णयाला आव्हान दिलं आणि मतविभाजन मागितलं की. मग घंटी वाजते, साडेतीन मिनिटं. कँटीनमध्ये, लॉबीत असलेले पळत येतात, दारं बंद होतात. हिरवं बटण होय, लाल नाही, पिवळं तटस्थ. ज्याचं बटण बिघडलं किंवा चुकीचं दाबलं गेलं तो चिठ्ठी देतो. म्हणून फलकावर दिसलेला आकडा आणि शेवटी छापलेला आकडा यात फरक पडतो. १७ डिसेंबर २०२४ ला एकत्र निवडणुकांचं विधेयक नुसतं मांडायचं होतं, तेव्हा फलकावर बाजूनं कमी दिसले आणि चिठ्ठ्या धरून २६९ झाले. विरोधात १९८.

यातही एक पळवाट आहे. मतविभाजनाची मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात. त्यात नावं लिहिली जात नाहीत, नियमातच तसं आहे.

आता फळ्यासाठी उपयोगाचं. हिंदी वाचत असाल तर संसदेच्या साईटवर लोकसभेच्या वाद-विवादात जा. तारीख निवडा, चर्चेच्या अगदी शेवटी या. मतविभाजन झालं असेल तर 'पक्ष में' आणि 'विपक्ष में' अशा नावांच्या लांबच लांब याद्या असतात. चिठ्ठीनं मत दिलेल्याच्या नावापुढं खूण असते. खासदाराच्या नावावर टिचकी मारून त्याची सगळी मतं एकत्र दिसतील अशी सोय मात्र मला तरी कधी सापडली नाही. एकेक तारीख उकरावी लागते. खासदार आडनावानं शोधा, आपल्याकडं 'पाटील' भरपूर आहेत, तेव्हा पूर्ण नाव बघा.

लातूर_गंजगोलाई

बातमीदार काका, लै भारी लिहिलंत. आमच्या लातूरची एक गंमत जोडतो. शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून सात वेळा लातूरातून निवडून गेले. त्यातली १९९१ ते ९६ ही पाच वर्षं ते लोकसभेचे अध्यक्ष. अध्यक्षाला पहिल्या फेरीत मतच नसतं, दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच निर्णायक मत. २८ जुलै १९९३ ला नरसिंह रावांच्या सरकारवर अविश्वास ठराव आला, बाजूनं २५१ आणि विरोधात २६५. तो गाजलेला ठराव, ज्यातून पुढं झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांच्या लाचेचं प्रकरण निघालं. म्हणजे स्वतंत्र भारतातल्या सगळ्यात चर्चेच्या मतदानांपैकी एक, आणि लातूरच्या खासदाराचं मत त्यात नाही. लातूरकरांनी फळा लावला असता तर पाच वर्षं कोराच.

पण विभागवार स्थायी समित्या सुरू झाल्या त्या त्यांच्याच काळात, १९९३ ला. आज विधेयक बारकाईनं तपासायचं जे थोडंफार काम होतं ते तिथंच होतं. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

जालना_मामा_चौक

आमच्या रावसाहेब दानवेंचंबी असंच. १९९९ ते २०२४, पाच टर्म. मधी मंत्री होते त्या वर्षांत साईटवर बघावं तर हजेरी नाही, प्रश्न नाही. आमचा एक मित्र ओरडायला, बघा बघा, एकबी प्रश्न विचारला नाही! आता मंत्री सोताला प्रश्न विचारंल का? मंत्र्यानं उत्तर द्यायचं आसतंय. आन मंत्र्याला हजेरीवर सहीबी करावी लागत नाही. एवढं समजून घ्या आन मग ओरडा.

हळदवाला_वसमत

काका, डोळे उघडले म्हणा की. मग मराठा आरक्षणाचं? ते तर घटनादुरुस्तीचं होतं ना? त्याची तर नोंद आसंल. आमच्याकडं दर दुसरा माणूस तेच विचारतोय.

जुना_बातमीदार

आहे, पक्की नोंद आहे. आणि ती वाचून तुमच्या हाती काय लागतं ते बघा.

ऑगस्ट २०१८ ला १०२ वी घटनादुरुस्ती झाली. मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणारी. लोकसभेत एकही मत विरोधात पडलं नाही. सत्ताधारी, विरोधक, सगळे एका बाजूला. तिच्यात ३४२ अ नावाचं कलम घातलं होतं. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षण रद्द केलं, तेव्हा तीन विरुद्ध दोन न्यायमूर्तींनी या कलमाचा अर्थ असा लावला की मागास कोण हे ठरवायचा राज्यांचा अधिकार आता राहिला नाही. सरकार म्हणत होतं आमचा हेतू तसा नव्हता. मग ऑगस्ट २०२१ ला १२७ वं घटनादुरुस्ती विधेयक आणून तो अधिकार राज्यांना परत दिला. १० ऑगस्टला लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य.

म्हणजे अधिकार गेला तेव्हाही सगळे होय, परत आला तेव्हाही सगळे होय. मराठवाड्यातले सगळे खासदार दोन्ही यादीत शोधून काढा आणि फळ्यावर लिहा: २०१८ होय, २०२१ होय. वाचणाऱ्याला वाटेल काय एकनिष्ठ माणूस. त्यातल्या किती जणांनी २०१८ ला ते कलम ३४२ अ वाचलं होतं, हा खरा प्रश्न, आणि तो मतांच्या यादीत सापडत नाही. भाषणात सापडतो. तेव्हा राज्यांचा अधिकार जाईल का अशी शंका काही सदस्यांनी बोलून दाखवली होती. ती पानं वाचा. आपल्या भागातलं कोण बोललं, कोण गप्प बसलं, ते नावानिशी लिहिलेलं आहे. ३४२ अ वरची एक ओळ मला शंभर 'होय'पेक्षा मोलाची वाटते. पन्नास टक्क्यांची मर्यादा उठवा ही मागणीही २०२१ च्या चर्चेत जोरात झाली, तीही तिथंच वाचायला मिळेल.

म्हणून सातवांचं मोजमाप मी मतावरून करत नाही. पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, २००९ ला कळमनुरीतून आमदार, देशाच्या युवक काँग्रेसचं अध्यक्षपद, आणि २०१४ ला लोकसभा. ती निवडणूक आठवा. मोदींची लाट, राज्यात काँग्रेसच्या दोनच जागा आल्या, नांदेडात अशोक चव्हाण आणि शेजारी हिंगोलीत सातव. तेही सुभाष वानखेडेंविरुद्ध १,६३२ मतांनी. मोजणीच्या दिवशी कळमनुरीत कुणी जेवलं नव्हतं. एवढ्या काठावर निवडून आलेला माणूस मतदारसंघ सोडून दिल्लीत कशाला जाईल, असं आम्हाला वाटायचं. ते गेले. प्रश्नांच्या यादीत त्यांचं नाव सतत असायचं, खाजगी विधेयकं मांडायचे. शुक्रवारी दुपारी खाजगी विधेयकांची वेळ असते तेव्हा बरेच खासदार विमानतळाच्या वाटेवर असतात. काही कार्यकर्ते नाराज होते की साहेब लग्नाला येत नाहीत. २०१९ ला त्यांनी लोकसभा लढवलीच नाही, पक्षाचं गुजरातचं काम होतं. वानखेडे त्या वेळी काँग्रेसकडून उभे राहिले, म्हणजे ज्यांना सातवांनी हरवलं तेच सातवांच्या पक्षाचे उमेदवार, आणि शिवसेनेच्या हेमंत पाटलांकडून पडले. आमच्या मतदारसंघात चिन्ह बघून चालत नाही, माणूस कुठं उभा आहे ते दर पाच वर्षांनी नव्यानं विचारावं लागतं.

पैठण_गेट

मतदानाची नोंद आणि मराठवाडा म्हणलं की एक मत विसरून चालणार नाही. २० सप्टेंबर २०२३, महिला आरक्षणाचं विधेयक, नव्या संसद भवनातलं पहिलं मोठं मतदान, चिठ्ठ्यांवर झालेलं. बाजूनं ४५४, विरोधात २. त्या दोनातले एक ओवेसी आणि दुसरे आमचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. त्यांचं म्हणणं होतं की ओबीसी आणि मुस्लिम महिलांना यात वेगळा वाटा नाही.

आमच्या गल्लीत यावर भांडणं झाली. माझी मोठी बहीण बचत गट चालवते, ती अजूनही म्हणते की मी त्यांना २०१९ ला मत दिलं होतं आणि त्यांनी माझ्याविरुद्ध मत दिलं. माझा मित्र म्हणतो की निदान तोंडावर नाही म्हणाले, आत एक बाहेर एक केलं नाही. जलील मूळचे पत्रकार, २०१४ ला औरंगाबाद मध्यचे आमदार, २०१९ ला खैरेंना ४,४९२ मतांनी हरवून खासदार. २०२४ ला भुमरेंनी त्यांना हरवलं. त्या एका मतामुळं हरले असं मी म्हणणार नाही, आमच्याकडच्या निवडणुकीला दुसरी शंभर कारणं असतात. पण मत कळलं म्हणून बहीण आणि मित्र भांडू तरी शकले.

औंढ्याची_वकील

पैठण गेट, तुमच्या बहिणीचा राग समजतो, पण त्या मताला बंडखोरी म्हणता येणार नाही. लोकसभेत त्यांच्या पक्षाचे खासदारच दोन होते आणि दोघांचीही मतं सारखीच. पक्षाच्या विरोधात जाऊन दिलेलं मत शोधायला निघालात तर १९८५ नंतर फारसं काही हाती लागणार नाही. त्या वर्षी ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्षानं व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला आणि सदस्यानं उलट मत दिलं किंवा मत द्यायला आलाच नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचतो. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयानं सुचवलं होतं की ही शिक्षा विश्वासदर्शक ठराव आणि पक्षाच्या मूळ धोरणाच्या प्रश्नांपुरतीच असावी. प्रत्यक्षात पक्ष साध्या विधेयकालाही तीन ओळींचा, म्हणजे सगळ्यात कडक, व्हिप काढतात.

हळदवाले भाऊ, म्हणून तुमच्या फळ्यावर 'खासदाराचं मत' असं शीर्षक देऊ नका. 'पक्षाचा आदेश आणि खासदाराची हजेरी' असं द्या, ते जास्त खरं होईल. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत व्हिप काढता येत नाही, खासदार मोकळा असतो. पण तिथलं मतदान गुप्त! जिथं मोकळीक आहे तिथं तुम्हाला दिसणार नाही, जिथं दिसतं तिथं मोकळीक नाही.

परभणी_स्टेशन_रोड

मॅडम, मग शिवसेना फुटल्यावर काय झालं? आमचे बंडू जाधव ठाकरेंकडं राहिले, धाराशिवचे ओमराजेबी तिकडंच. हिंगोलीचे हेमंत पाटील शिंदेंकडं गेले. तिघंबी २०१९ ला एकाच धनुष्यबाणावर आलेले. व्हिप कुणाचा मानायचा? त्यांची मतं तर वेगवेगळी पडली असतील ना?

औंढ्याची_वकील

कायद्याच्या अंगानं व्हिप कुणाचा, हा प्रश्न निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही ठिकाणी फिरला. तो इथं उघडला तर हा धागा दिवाळीपर्यंत चालेल. मतांचं मात्र सांगते. फुटीनंतर सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे ऑगस्ट २०२३ चा मोदी सरकारवरचा अविश्वास ठराव, मणिपूरच्या प्रश्नावर आणलेला. तीन दिवस चर्चा झाली. १० तारखेला विरोधक सभात्याग करून गेले आणि ठराव आवाजी मतदानानं फेटाळला गेला. नावं नाहीत. तुमचे तिघं तीन बाजूला होते का दोन, कागदावर काहीच नाही.

त्याआधीचा ठराव २० जुलै २०१८ चा. तिथं मतविभाजन झालं, बाजूनं १२६, विरोधात ३२५. तेव्हा शिवसेना सरकारमध्ये होती आणि तिचे खासदार मतदानाला आलेच नाहीत. जाधव त्या वेळीही खासदार होते. त्या दिवशीच्या याद्यांत शिवसेनेचं नाव शोधून बघा, सापडणार नाही. न येणं हेही मतच असतं, फक्त ते यादीत लिहिलं जात नाही.

हळदवाला_वसमत

हे वाचून बाकड्यावरचे दोघं गप्प झाले. पण गप्प होण्याचं कारण वेगळं आहे, त्यांना वाटायलंय मी दोघांनाबी खोटं पाडलं.

एकच शेवटचं विचारतो काका. मॅडम म्हणायल्या की न येणं यादीत नसतंय. मग आमचा खासदार त्या दिवशी दिल्लीतच नव्हता, का दिल्लीत आसून बटण दाबलं नाही, हे कसं कळंल? त्यात तर लै फरक आहे. एक जण लेकराच्या आजारपणात घरी आसू शकतो, दुसरा मुद्दाम बाहेर चहा पीत बसलेला आसू शकतो.

जुना_बातमीदार

हे कळतं, आणि तुमच्या फळ्याचा सगळ्यात कामाचा रकाना हाच होईल.

दोन कागद शेजारी ठेवा. एक, त्या तारखेची हजेरी. लोकसभेच्या साईटवर सदस्याचं नाव आणि अधिवेशन निवडलं की तारीखवार सही केली का नाही ते दिसतं. (मंत्री, अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेता यांना सही लागत नाही, जालन्याच्या मामांनी सांगितलंय ते लक्षात ठेवा.) दुसरा, त्याच दिवसाच्या वाद-विवादातली मतविभाजनाची यादी. सही नाही आणि यादीतही नाव नाही, तर माणूस त्या दिवशी आलाच नव्हता, कारण घरचं असू शकतं, ते विचारूनच लिहा. सही आहे पण होय, नाही, तटस्थ अशा तिन्ही याद्यांत नाव नाही, तर तो त्या दिवशी आला होता, पण मत दिलं नाही. मग त्याच पानाच्या वर बघा, पक्षानं सभात्याग केल्याची ओळ आहे का. असेल तर फळ्यावर 'सभात्याग' लिहा. नसेल तर 'हजर, मत नाही' लिहा.

तीन कृषी कायद्यांपुढं 'आवाजी, नोंद नाही' असं लिहा आणि तो चौकोन रिकामा सोडू नका, नाहीतर रात्री कुणीतरी खडूनं भरून जाईल. आष्टीकरांपासून सुरू करा, ते चालू खासदार आहेत. २ एप्रिल २०२५ ला लोकसभेत वक्फच्या विधेयकावर चर्चा सुरू झाली आणि मध्यरात्र उलटल्यावर मतविभाजन झालं, २८८ विरुद्ध २३२. ते पान काढा. तारीख २ ची टाकून बघा, कारण बैठक २ ची धरतात, मत ३ ला पहाटे पडलेलं असलं तरी.